मॅट, चांदणी खूण

आमच्या दुकानात येणारा प्रत्येक नवा माणूस कधी ना कधी तोच प्रश्न विचारतो. ही लखलखीत नाणी स्वस्त आणि ती राखाडी, उतरलेल्या तोंडाची नाणी महाग, हा काय प्रकार आहे? पहिल्यांदा मी नीट सांगते. दुसऱ्यांदा विचारलं की माझा आवाज चढतो. त्यापुढे विचारायला सहसा कुणी थांबत नाही. माझ्या नाकावर राग असतो हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे आणि मीही तो लपवायच्या भानगडीत पडत नाही. बापाकडून दुसरं काही वाट्याला आलं नाही, राग तेवढा भरपूर आला.

दुकान पहिल्या मजल्यावर. खाली शिंपी, त्याचं मशीन दिवसभर खडखडत असतं. वर बाबा आणि मी, मागे पडद्याआड आमचं दोन खोल्यांचं घर, आणि पुढे काचेच्या काउंटरमध्ये मखमलीवर मांडलेली चांदीची नाणी. हौशी लोकांसाठी पाडलेली, बाजारात कधीच न फिरलेली.

आता एकदाच सांगते, नीट ऐका. प्रूफ म्हणजे नाण्याचा दर्जा नव्हे, ती घडवायची रीत आहे. चकतीला पॉलिश करायचं, ठशालाही करायचं, आणि मग एकाच नाण्यावर ठसा पुन्हा पुन्हा मारायचा. त्याची मोकळी जागा आरशासारखी होते आणि वरचं चित्र दुधाळ दिसतं. मॅटचं त्याच्या उलट. त्याच्या अंगावर बारीक वाळूच्या माऱ्यानं आलेला रवा असतो. ते चमकत नाही, आणि सगळी किंमत त्या न चमकण्याचीच असते. घासलं की रवा मेला, आणि मेलेला रवा परत येत नाही. राहिली टांकसाळीची खूण. ती वर्षाच्या आकड्याखाली बघायची, भिंग लावून. ठिपका असला तर बंदरावरची टांकसाळ, चांदणी असली तर डोंगरातली, आणि काहीच नसलं तर राजधानीची. डोंगरातली कधीच बंद पडली, त्यामुळे चांदणी दिसली की जाणत्या माणसाला घाम फुटतो.

बाबांनी हे सगळं बारक्याला शिकवलं. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. मला नाही शिकवलं. मुलीची जात, उद्या सासरी जाणार. मी गेले आणि वर्ष सरायच्या आत परतही आले, पण ते पुराण इथे नको. पडद्याआड भाजी चिरता चिरता जे कानावर पडलं त्यावर आज मी दुकान चालवते.

बाबांची शिकवायची पद्धत एकच. काउंटरवर दिवा, दिव्याखाली बारक्या आणि बाबांच्या हातात पितळी पट्टी. नाणं कडेनंच धरायचं, अंगठा आणि पहिलं बोट, तोंडाला हात लावायचा नाही. बाबा विचारायचे, "खूण?" बारक्या म्हणायचा, "ठिपका." "फिनिश?" "प्रूफ." "कड?" "दातेरी." उत्तर बरोबर असलं तर पुढचा प्रश्न. शाबास नाही, हं नाही, नुसता पुढचा प्रश्न. चुकलं तर पट्टी. उजव्या हातात नाणं असायचं म्हणून मार डाव्या हाताला. हात मागे घेतला तर दुप्पट. पुढे पुढे उत्तर येत नसलं की बारक्या सांगायची वाट न बघता आपणहून डावा हात पुढे करायचा, तळवा वर. आई मधे पडायची आणि तिलाही प्रसाद मिळायचा. बाजारात बाबांना पट्टीमास्तर म्हणतात, आणि हसून म्हणतात. ज्यांनी ती पट्टी खाल्ली नाही त्यांना हसायला काय जातंय.

मग बाबांनी ते नाणं आणलं. मॅट, चांदणी खूण. त्याच्यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. बारक्या तेव्हा शाळेत होता. एका दुपारी बाबा बाहेर गेले असताना त्यानं ते बघायला घेतलं, हातातून निसटताना घाईनं पकडलं, आणि नाण्याच्या तोंडावर त्याचा अंगठा उमटला. तसंच ठेवून दिलं असतं तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण पट्टीच्या धाकानं पोराची मती फिरली. त्यानं चांदी घासायची पावडर घेतली आणि तो अंगठा पुसला. अंगठा गेला आणि तिथे चकचकीत डाग आला. डाग उठून दिसू नये म्हणून त्यानं शेजारची जागा घासली. मग तिच्या शेजारची. बाबा आले तेव्हा नाणं नव्या पातेल्यासारखं लखलखत होतं आणि बारक्या अजून घासतच होता.

त्या दिवशी पितळी पट्टी वाकली. बारक्याच्या डाव्या हाताची करंगळी मोडली, ती पुन्हा कधी सरळ झाली नाही. बाबांचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी ते नाणं दाराजवळच्या छोट्या शोकेसमध्ये ठेवलं आणि खाली चिठ्ठी लावली, 'पॉलिश केलेले. भंगार.' गिऱ्हाईक विचारायचं, हे कशाला ठेवलंय? आणि बाबा बारक्याकडे बोट दाखवायचे. बारक्या त्या शोकेससमोरून रोज शाळेत गेला, मग कॉलेजात गेला, आणि एक दिवस गेला तो परत आलाच नाही. आई त्याच्या वाटेकडे डोळे लावून गेली. चिठ्ठी पिवळी पडली. बाबांनी ती काढली नाही आणि मला काढू दिली नाही. तिच्यावरून आमची इतकी भांडणं झाली की खालचा शिंपी मशीन थांबवून ऐकायचा.

हे झालं आधीचं. आता त्या दुपारचं सांगते.

जेवणं झाली होती, बाजार पेंगत होता, खाली मशीन चालू होतं. हेल्मेट घातलेले दोघं जिना चढून आले. मला वाटलं, पार्सल घेऊन आले असतील. पहिल्यानं दार आतून लावलं, हेल्मेटची काच वर केली आणि जॅकेटमधून लोखंडी गज काढला. दुसरा भिंतीशी उभा राहिला. त्याची काळी काच खाली ओढलेली होती, हातात मोजे होते.

"आवाज करायचा नाही," गजवाला म्हणाला. "थैलीत भरा सगळं."

मी आवाज केला. गप्प बस म्हटलेलं मला कधी सोसलंय? त्यानं गज आडवा धरून माझ्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, एक दात जिभेवर आला. मी तो थुंकले आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा त्यानं पोटात लाथ घातली. मी कपाटावर आदळून खाली बसले. श्वास आत जाईना.

"महाग कुठली?" त्यानं बाबांना विचारलं.

बाबांनी लखलखीत नाण्यांकडे बोट केलं. बारशाला नाहीतर लग्नात भेट म्हणून देतात तसली, कालपरवाची. मॅटच्या ट्रेकडे न बघता म्हणाले, "ती काळवंडलीत. वितळवायला काढलीत." ओठातून रक्त गळत असतानाही मला हसू आलं. गजवाला मुठी भरभरून ती चकचकीत नाणी थैलीत टाकत होता. ती एकमेकांवर घासल्याचा आवाज बाबांना सहन होईना, त्यांनी डोळे मिटून घेतले. भिंतीशी उभा असलेल्याची काच मॅटच्या ट्रेकडे वळली होती, पण तो काही बोलला नाही. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

मग गजवाल्यानं तिजोरीची किल्ली मागितली. बाबा म्हणाले, "नाही."

त्यानं बाबांचा उजवा हात काउंटरवर दाबून धरला आणि गज खाली आणला. काच फुटली, हात काचेतून आत मखमलीवर गेला. बोटं मोडल्याचा आवाज मला माहीत होता, बारक्याच्या वेळी ऐकला होता. बाबांनी दात आवळले, पण ओरडले नाहीत. त्यानं तो हात बाहेर ओढला आणि डावा घेतला.

"किल्ली."

"नाही."

या खेपेला बाबा ओरडले. माझ्या बापाला मी ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी किती वेळा वाटायचं, कुणीतरी ह्यांनाही एकदा असंच मारावं. आणि आता कुणीतरी मारत होतं तर त्याचा जीव घ्यावासा वाटत होता. मी उठले आणि त्याच्या मनगटाचा चावा घेतला, दात हाडाला लागेपर्यंत. त्यानं मला केसांना धरून भिंतीवर आपटलं. भिंतीशी उभा असलेला पुढे सरकला आणि पुन्हा जागच्या जागी थांबला.

किल्ली बाबांच्या खिशात नव्हती. गजवाला शिव्या देत खण उपसायला लागला. कागद, भिंगं, रिकाम्या डब्या, सगळं जमिनीवर पडत होतं. तेवढ्यात तो दुसरा दाराजवळच्या छोट्या शोकेसकडे गेला. त्या शोकेसला कुलूप नाही, पण दार थोडं उचलून मग ओढावं लागतं, नाहीतर ते अडतं. त्यानं ते उचलून ओढलं. अख्ख्या दुकानातली सगळ्यात कवडीमोल वस्तू त्यानं बाहेर काढली. अंगठा आणि पहिलं बोट, कडेनं. उजेडाकडे वळून नाणं थोडं कलतं केलं आणि वर्षाखाली बघितलं.

बाबा काउंटरला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर टाकलेले, ते हात आहेत हे सांगावं लागावं असे झालेले. त्यांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

"खूण?" बाबा म्हणाले.

अगदी दिव्याखाली विचारायचे तसं. त्यांनी मुद्दाम विचारलं की तोंडातून निसटलं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

"चांदणी," हेल्मेटमधून उत्तर आलं. लगेच, विचार न करता. उत्तर द्यायला उशीर केला तरी पट्टी असायची.

गजवाल्याचा हात खणातच थांबला.

"फिनिश?" बाबा म्हणाले.

आता मात्र उत्तर येईना. मॅट म्हणावं तर ते मॅट राहिलेलं नव्हतं. पॉलिश म्हणावं तर ती चिठ्ठी खरी ठरली असती, जन्मभर जिच्यासमोरून मान खाली घालून गेला ती. पडद्याआड मला सगळी उत्तरं यायची, पण ह्या प्रश्नाचं मलाही आलं नसतं. बारक्यानं डावा हात पुढे केला. मोज्यातला हात, तळवा वर, करंगळी आत वळलेली.

गजवाल्यानं एकदा त्या हाताकडे आणि एकदा बाबांकडे पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"दुकान माहीत आहे म्हणालास," तो बारक्याला म्हणाला. "बाप आहे हे नाही सांगितलंस. आता हे दोघं तुझं नाव घेणार आणि तू माझं." त्यानं गज दोन्ही हातांत धरला. "बाजूला हो."

बारक्या बाजूला झाला नाही आणि मधेही आला नाही. गज बाबांच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं. बाबा कुशीवर कलंडले. मी ओरडले, "बारक्या, धर त्याला." बारक्या ऐकत होता, मला खात्री आहे. पण हात पुढेच आणि पाय जमिनीला खिळलेले. मारणारा उभा असताना हलायचं नाही, एवढं एक बाबांनी त्याच्या हाडीमाशी मुरवलं होतं. गज पुन्हा वर गेला, आणि या वेळी तो डोक्यावर येणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. काउंटरवर कागद उडू नयेत म्हणून एक जुना ठसा ठेवलेला असतो, नाणी पाडायचा, भरीव पोलादाचा, मुठीत जेमतेम मावणारा. तो माझ्या हातात कधी आला ते मला आठवत नाही. पहिला घाव मी गुडघ्याच्या वाटीवर घातला. गजवाला मोडून खाली बसला आणि त्याचं तोंड माझ्यासमोर आलं, हेल्मेटच्या उघड्या काचेत. मी त्या उघड्या जागेत मारलं. नाक गेलं. त्यानं माझा गळा धरला, मी पुन्हा मारलं. गळ्यावरचा हात सुटला तरी मारलं. तो उताणा पडल्यावर त्याच्या छातीवर बसून मारलं. आईसाठी मारलं, करंगळीसाठी मारलं, त्या पिवळ्या चिठ्ठीसाठी मारलं, ज्यांच्याशी त्या बिचाऱ्याचा काडीचाही संबंध नव्हता. खाली शिंप्याचं मशीन खडखडतच होतं.

थांबले तेव्हा माझा हात कोपरापर्यंत भिजला होता आणि गजवाला हलत नव्हता. वाईट वाटलं का? नाही वाटलं. आजही वाटत नाही. ठसा मात्र मी पुन्हा काउंटरवर ठेवला नाही.

वळून पाहिलं तर बारक्या तसाच. उजव्या हातात नाणं, कडेनं. डावा हात पुढे. मी जाऊन त्याचं हेल्मेट ओढून काढलं. कानाजवळचे केस पिकायला लागले होते, तोंड रडून सुजलं होतं. मी त्याच्या थोबाडीत दिली. गालावर पाच बोटं लाल उमटली, आणि ते रक्त त्याचं नव्हतं.

"मारायचं ठरलं नव्हतं, ताई," तो म्हणाला. "तो म्हणाला, नुसतं घाबरवू. बाकी सगळं त्यानं घ्यायचं. मला फक्त हे हवं होतं."

"मागितलं असतंस तर मी दिलं असतं, मूर्खा."

"तू दिलं असतंस. पण ते तुझं नव्हतं."

"इकडे ये," बाबा म्हणाले. ते कसेबसे पुन्हा काउंटरला टेकून बसले होते.

आवाज अगदी बारीक झाला होता, पण बारक्या चटकन गेला आणि त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला. मोजा काढला आणि पुन्हा तळवा पुढे केला. मी मधे पडणार होते. आईसारखी मीही मधे पडणार होते, देवाशप्पथ. पण बाबांच्या हातात पट्टी धरायला बोटंच उरली नव्हती. त्यांनी बारक्याच्या उजव्या हातातलं ते नाणं आपल्या दोन मनगटांत चिमटलं, निसटलं, पुन्हा चिमटलं, आणि बारक्याच्या तळव्यावर ठेवलं. सपाट, तोंड खाली. नाण्याच्या तोंडाला ज्या माणसानं कधी वारा लागू दिला नाही, त्यानं ते रक्तानं माखलेलं नाणं घामेजल्या तळव्यावर सपाट ठेवलं.

"मॅट," बाबा म्हणाले. "मॅटच आहे ते."

बारक्यानं मूठ मिटली आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवलं. मला इतका राग आला की काय करू कळेना. हे एक वाक्य आई असताना सांगायला काय झालं होतं? मी शोकेसमधली चिठ्ठी काढली आणि फाडून तिचे कपटे कपटे केले. कुणी अडवलं नाही.

खालचं मशीन थांबलं. जिन्यावर पावलं वाजली आणि शिंपी दार ठोठावायला लागला. "ताई, काय झालं? छतातून आवाज येतोय."

मग मी पटापट हात चालवले. बारक्याचे मोजे चुलीत टाकले. त्याचं हेल्मेट पडद्याआड माझ्या स्कूटरच्या हेल्मेटशेजारी खुंटीला टांगलं. आणि दार उघडलं.

शिंप्यानं आत पाहिलं आणि चौकट धरली. मग म्हणाला, "दोघं वर आले होते ना? दोन हेल्मेट बघितली मी."

"एक हा," मी म्हणाले. "माझा भाऊ. इतक्या वर्षांनी बापाला भेटायला आला, आणि तो मेला चोर त्याच्या पाठोपाठ आत घुसला."

शिंप्यानं बारक्याकडे पाहिलं. त्याच्या शाळेच्या चड्ड्या ह्यानंच शिवल्या होत्या. मग जमिनीवर पडलेल्या माणसाकडे पाहिलं, बाबांच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी एकालाच बघितलं असेन. उन्हातून आत आलं की नीट दिसत नाही." आणि पाणी आणायला खाली गेला.

फौजदार आला. मी सगळं सांगितलं. मारलं मी, ह्या हातानं, ह्या ठशानं. त्यात खोटं काहीच नव्हतं आणि माझा स्वभाव माहीत असलेल्या बाजाराला ते खरं वाटायला वेळ लागला नाही.

"एकटाच होता?" त्यानं विचारलं.

"एकटाच."

त्यानं बाबांना विचारलं. बाबांना तोवर स्ट्रेचरवर घेतलं होतं. "एकटाच," बाबा म्हणाले.

"आणि हा कोण?"

"माझा मुलगा. दुकान ह्याचंच आहे."

ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते भांडण मी नंतर केलंच, हॉस्पिटलात, नर्सनं बाहेर काढेपर्यंत.

फौजदारानं बारक्याच्या मुठीकडे बघितलं. "काय आहे त्यात? दाखव."

बारक्यानं मूठ उघडली. फौजदारानं नाणं उचललं, अंगठा थेट तोंडावर दाबून. रक्तामुळे काही दिसेना, तेव्हा त्यानं खिशातला रुमाल काढला, नाण्यावर तोंडानं वाफ सोडली आणि चष्मा पुसावा तसं ते खसाखसा घासलं. उलटं करून पुन्हा घासलं. त्याच्या अंगठ्याखाली वर्ष आणि चांदणी दोन्ही झाकून गेली होती. बाबा बघत होते, बारक्या बघत होता, मी बघत होते. कड धरायला त्याला कुणीच सांगितलं नाही.

"मस्त चमकतंय," फौजदार म्हणाला. "महागाचं असेल?"

"फार," बाबा म्हणाले. "ते त्याच्याकडे द्या."